ऑइल पंप 'गेला' नव्हता. आम्ही घालवला.

भावांनो, जरा लांब लिहितोय. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि खाणीवर गाडी भरायला लागेल तेव्हा रांगेत उभं राहून वाचा.

परवा कुंभार्ली घाटात पुन्हा एक दहाचाकी चढाला बंद पडली आणि मागे आली. कुणाला फार लागलं नाही, एवढंच नशीब. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि खाली कमेंटींचा पाऊस. "ड्रायव्हर टाइट असणार." "डुलकी लागली असणार." "असल्यांना लायसन देतं कोण?" बातमीतही नेहमीचंच वाक्य, चालकाचे नियंत्रण सुटले. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. नियंत्रण सुटलं म्हणजे नक्की काय सुटलं, कधी सुटलं आणि कुणाच्या हातून सुटलं, हे कुणी विचारतच नाही. चालक सापडला की विषय संपला.

त्या गाडीचा तपास व्हायचा तसा होईल. मी माझ्या गाडीचं सांगतो. तीन वर्षं झाली, आजवर चारचौघांत बोललो नव्हतो, कारण त्यात मीही दोषी आहे.

माझी गाडी जुनी दहाचाकी, बीएस-थ्री, सहा सिलिंडरचं इंजिन, डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, सेन्सर-बिन्सर काही नाही. आरसीवर एकूण वजन २५ टन. रिकामी गाडी नऊ टन भरते. म्हणजे माल १६ टन. काम चिऱ्याचं. चिपळूणच्या पुढच्या खाणीवरून जांभा भरायचा, पोफळीवरून घाट चढायचा, हेळवाक, पाटण, कराड. गाडीवर माझा आत्तेभाऊ आणि आमच्याच गावातला एक पोरगा क्लीनर.

चिऱ्याचा हिशोब बाहेरच्यांना माहीत नसतो म्हणून सांगतो. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा ३०-३२ किलो भरतो. पावसात भिजला तर आणखी जड. म्हणजे १६ टनांत बसतात ५०० चिरे. आणि आम्ही भरायचो ८००. साडेपंचवीस टन माल, गाडीसकट ३४-३५ टन. कागदावर २५, रस्त्यावर ३५. हे मी एकटा करत नव्हतो, सगळी रांग तेच करत होती. अजूनही करते. उगाच साळसूदपणा नको.

आता ३५ टन घेऊन कुंभार्ली चढायचा तर मूळचं इंजिन रडतं. पहिल्या गिअरला माणूस चालतो तशी गाडी चालते, पाणी गरम होतं, मागच्या गाड्या हॉर्न मारून जीव खातात. मग जे सगळे करतात तेच मी केलं. इंजिन 'वाढवलं'.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण या दोन पंपांत लोक गोंधळ करतात. गाडीत डिझेल पंप वेगळा आणि ऑइल पंप वेगळा. 'पंप वाढवला' असं आपण म्हणतो तो डिझेल पंप. स्क्रू फिरवून प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल सोडायचं, नोजल मोठे टाकायचे, गव्हर्नरची स्प्रिंग बदलून आरपीएम वर न्यायचे, वरून दुसऱ्या मोठ्या गाडीचा टर्बो बसवायचा. दीड दिवसाचं काम. गाडी बाहेर काढली की वाटतं, आयला, हत्तीला पंख फुटले! पहिल्या खेपेला पोरानं मला हेळवाकातून फोन केला, "दादा, तिसऱ्यात चढली." आम्ही त्या रात्री मटण केलं होतं. खोटं कशाला सांगू.

ऑइल पंप मात्र कुणी वाढवत नाही. तो बिचारा खाली चेंबरमध्ये ऑइलात बुडून बसलेला असतो. दोन गिअर, एक बॉडी, एक रिलीफ व्हॉल्व्ह आणि जाळीची एक नळी, एवढाच त्याचा संसार. क्रँकच्या गिअरवर फिरतो. जाळीतून ऑइल ओढतो, कूलर आणि फिल्टरमधून गॅलरीत सोडतो, तिथून ते मेन बेरिंगला, बिगएंडला, कॅमला, रॉकरला, टर्बोला जातं. पिस्टनला खालून ऑइलची पिचकारी मारून गार ठेवणारे जेट असतील तर त्यांनाही तोच पाजतो. घरातल्या म्हातारीसारखं आहे त्याचं. सगळ्यांना वाढून झालं की उरेल ते. आणि ती आजारी पडेपर्यंत घरात ती आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.

मेस्त्री लोक म्हणतात, "पंप प्रेशर देतो." अर्धं खरं. पंप देतो तो प्रवाह. प्रेशर तयार होतं ते बेरिंगमधल्या बारीक फटीतून ऑइल अडकत अडकत जातं म्हणून. बेरिंग झिजली, फट वाढली, की पंप नवाकोरा असला तरी प्रेशर पडणारच. आणि इंजिन वाढवलं की नेमकी बेरिंग झिजते. जास्त डिझेल म्हणजे पिस्टनवर जास्त धक्का, तो धक्का शेवटी बिगएंडच्या त्या पातळ शेलवर. शिवाय न जळलेलं डिझेल लायनरवरून धुऊन खाली ऑइलात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. काळा धूर दिसतो ना सायलेन्सरमधून? तोच काजळ रिंगांवरून खाली चेंबरमध्येही जातो. तापलेल्या पिस्टनखाली ऑइल करपतं. ते करपलेलं आणि काजळ मिळून डांबरासारखा गाळ होतो आणि जाऊन बसतो जाळीवर. म्हणजे गिऱ्हाइकं वाढली, त्यांची भूक वाढली, आणि म्हातारीच्या हातातला तांब्या मात्र तेवढाच. वरून त्यात बोळा.

वाढवल्यानंतर आठ महिन्यांनी पोराचा फोन. "दादा, गरम झाल्यावर आयडलला ऑइलची लाइट लुकलुकतीय. रेस केली की जाते."

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांनी इथं थांबून विचार करा. ती लाइट म्हणजे लवकरची सूचना नव्हे. साधा स्विच असतो, प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याखाली पडलं तरच तो लाइट लावतो. इंजिन तोपर्यंत उपाशीच असतं. त्या दिवशी मी गाडी उभी करून साधं काट्याचं घड्याळ लावून प्रेशर मोजायला हवं होतं. चेंबर उतरवायला हवं होतं. तीन दिवस गाडी उभी राहिली असती.

पण सीझन होता. डिसेंबर. बांधकामं जोरात, खाणीवर रांग, बँकेचा हप्ता पाच तारखेला.

मेस्त्रीनं दोन उपाय सांगितले. एक, ऑइल जाड टाकू. १५-डब्ल्यू-४० ऐवजी २०-डब्ल्यू-५०, वरून एक बाटली कसलंतरी चिकट ॲडिटिव्ह. दोन, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर टाकू. हा वॉशरचा प्रकार तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाडीत आज असेल, आणि निम्म्यांना ते माहीतही नसेल. रिलीफ व्हॉल्व्हचं काम असतं प्रेशर एका मर्यादेच्या वर गेलं की जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडायचं. स्प्रिंगमागे वॉशर टाकला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. पळत्या गाडीला प्रेशर चांगलं दिसतं, मालक खूश. पण आयडलला तो व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो हो! तिथं वॉशरनं काय फरक पडणार? आयडलला लाइट लागतीय म्हणून वॉशर टाकणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम चोळणं.

झालंही तसंच. दोन दिवसांनी लाइट पुन्हा लुकलुकली. मेस्त्री हसत म्हणाला, "स्विच खराब आहे, सारखा त्रास देणार," आणि वायर काढून टेप मारून ठेवली. मी तिथंच उभा होतो, चहा पीत. नको म्हणालो नाही. डॅशबोर्डवर अंधार झाला आणि मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी, पहाटे साडेपाचला, घाटात ती मोडली.

कसं झालं ते चेंबर उतरवल्यावर कळलं. अलोऱ्याच्या अलीकडे गाडी रात्रभर उभी होती, पोरं झोपली होती. पहाटेचा गारठा. इंजिन थंड, ऑइल मधासारखं जाड, आणि जास्तीचं ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह वॉशरनं जखडलेला. सुरू करून लगेच ३५ टन घेऊन चढाला लागले. त्या जाड ऑइलचं सगळं ओझं पंपाच्या गिअरवर आणि शाफ्टवर. दुसरीकडे जाळी अर्धी बुजलेली, म्हणजे ओढताना पंप कोरडाही पडतोय. एका बाजूनं गळा आवळलेला, दुसऱ्या बाजूनं डोंगर ढकलायचा. पंपाचा शाफ्ट मधोमध तुटला. आम्ही काढला तेव्हा दोन तुकडे हातात आले. बॉडीच्या आतून नखं ओढल्यासारखे चरे. जाळीवर डांबर तर होतंच, पण त्यात निळसर रबराचे तुकडेही होते. ते काय होतं? आधीच्या कामात मेस्त्रीनं पॅकिंगला बोटभर जाड फासलेलं सिलिकॉन. बाहेर आलेलं पुसलेलं दिसत होतं, आत गेलेलं कुणी बघितलं नव्हतं.

शाफ्ट तुटल्यावर इंजिनाकडे मिनिटं नसतात. पोरानं सांगितलं, आधी टकटक, मग ठकठक, मग एक मोठा आवाज आणि सगळं शांत. इंजिन जाम. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा नाही, कारण तो आम्ही काढून ठेवला होता.

इंजिन बंद म्हणजे काय होतं, हे कमेंट करणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. पॉवर स्टिअरिंग बंद, ३५ टनांची गाडी हातानं वळवायची. हवेचा कॉम्प्रेसर बंद, टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक. एक्झॉस्ट ब्रेक, इंजिनचा अटकाव, काही नाही. पोरानं सवयीनं क्लच दाबला. त्यानं क्लच दाबला नसता तर जाम झालेल्या इंजिनानं चाकं धरून ठेवली असती, हे मला नंतर तीन शहाण्यांनी सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. पण पहाटेच्या अंधारात चढाला गाडी मेली तर तुमचा पाय कुठं जाईल, हे छातीवर हात ठेवून सांगा. क्लच सुटला, गाडी मागे आली, ब्रेक धरले पण वजनाला पुरेनात, हँडब्रेक ओढला, तोही घसरत. क्लीनर चाकाखाली दगड लावायला उतरला. दगड लागला नाही, पाय सापडला.

गाडी कठड्याला जाऊन थांबली. मागे एसटी होती. त्या एसटीच्या चालकानं अंतर ठेवून गाडी चालवली होती म्हणून आज मी ही पोस्ट लिहितोय. नाहीतर कुठल्यातरी कोर्टाच्या व्हरांड्यात असतो.

त्या पोराचा पाय दोन ऑपरेशननंतरही वाकडाच राहिला. तो आता गावात किराणा दुकानात बसतो. समोरून गेलो तर "काय दादा, गाडी कुठाय?" म्हणून हसून विचारतो. त्याच्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गुन्हा कुणावर? आत्तेभावावर. हयगयीनं वाहन चालवणे. वॉशर टाकणारा मोकळा, वायर काढलेली बघत चहा पिणारा मोकळा, ८०० चिरे भरणारा मोकळा, भरायला लावणारा तर कुठल्याच कागदावर नाही.

आता मला शिव्या घालायला सुरुवात केली असेल तर थांबा, मी पुढचं बोलतो. माझा दोष मी मान्य केलाय. पण एकट्या माझ्या गळ्यात घालून सगळे घरी जाणार असाल तर ते चालणार नाही.

पहिला मुद्दा परवडण्याचा. "५०० चिऱ्यांत परवडत नाही" हे आपलं ठरलेलं वाक्य. मी त्याचा हिशोब दवाखान्याच्या बाकड्यावर बसून केला. तेव्हा मला चिऱ्यामागे वाहतुकीचे १४ रुपये मिळत होते. ३०० जादा चिरे म्हणजे खेपेला ४,२०० रुपये जास्त. त्यातून जादा डिझेल, टायरची झीज, पाटे-कमानीचं काम वजा केलं की हातात राहायचे अडीच हजारांच्या आसपास. वाढवल्यापासून मोडेपर्यंत झाल्या ८० खेपा. म्हणजे २ लाख जादा कमावले. इंजिनचं बिल झालं २ लाख ३५ हजार. क्रँक गेला, दोन कनेक्टिंग रॉड गेले, ब्लॉकचं लाइन बोअरिंग करावं लागलं, टर्बो गेला. दोन महिने गाडी उभी, दोन हप्ते थकले. पोराच्या दवाखान्याचे पैसे मी यात धरलेलेच नाहीत. आता सांगा, कुणाला परवडलं?

परवडलं एकालाच. ज्याचे चिरे कमी खेपांत पोचले त्याला. आपण इंजिन वाढवतो ते स्वतःसाठी, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आपण स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या इंजिनाच्या हाडांवर, दुसऱ्याचं भाडं स्वस्त करून देतो. सगळी रांग ८०० भरते म्हणून दर ८०० चा ठरतो. मग जो ५०० भरेल तो उपाशी मरतो. दर चिऱ्यावर ठरतो तोवर हे थांबणार नाही. मी इंजिन पुन्हा बांधल्यावर चार महिने ५०० चिऱ्यांवर चालवून बघितलं. खाणीवर मला भरायला सगळ्यात शेवटी लावायचे. "तुमची काय, अर्धीच गाडी!" चार महिन्यांनी मी चिऱ्याचं काम सोडलं, आता खताची पोती ओढतो. तिथं पोत्यावर वजन छापलेलं असतं आणि गोडाऊनला काटा असतो. कमी मिळतं, पण झोप लागते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. कायदा नाही असं कुणी म्हणू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्यापेक्षा गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरची माहिती खोटी ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ सांगतं, मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४. २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माझ्या ३५ टनांचा त्या दिवशीचा दंड ४०,००० झाला असता. आणि नीट वाचा, ते कलम फक्त चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, हे शब्दसुद्धा त्यात आहेत. इतक्या वर्षांत आपल्या भागात चालवायला लावणाऱ्यावर गुन्हा दाखल झालेला मी तरी बघितलेला नाही. तुम्ही बघितला असेल तर खाली लिहा, मी हार घेऊन जातो.

आणि कुणी म्हणेल वजन पकडायला जागोजागी काटे कुठून आणायचे, तर चिऱ्याला काटा लागतच नाही! चिरा ठरावीक मापाचा. गौण खनिजाच्या वाहतूक पासवर ब्रास लिहिलेले असतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात बसतात १९५ च्या आसपास चिरे. चार ब्रास म्हणजे २५ टन. ज्या गाडीच्या नावानं पास निघतो तिच्या आरसीवर तिची क्षमता लिहिलेली आहे. एकाच गाडीच्या केबिनमध्ये सरकारचे दोन कागद शेजारी शेजारी असतात आणि ते एकमेकांना खोटं पाडत असतात. पास चार ब्रासचा असेल तर ओव्हरलोड कागदावरच सिद्ध. पास अडीच ब्रासचा आणि गाडीत ८०० चिरे असतील तर रॉयल्टी बुडवलेली. दोन्हीपैकी एक चोरी आहेच. सातवीतल्या पोराला येईल असा गुणाकार आहे, पण नाक्यावर कुणाला येत नाही. का येत नाही ते तुम्हालाही माहितेय, मलाही माहितेय.

पासिंगचंही तेच. आठ वर्षांपुढची व्यावसायिक गाडी दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. माझी नेली होती, इंजिन वाढवलेलं असतानाच. रिफ्लेक्टरची पट्टी नवी आहे का, नंबर नीट रंगवलाय का, वायपर चालतो का, सगळं बघितलं. ऑइलच्या प्रेशरची लाइट किल्ली फिरवल्यावर लागते का आणि गाडी सुरू केल्यावर विझते का, एवढं बघायला पाच सेकंद लागतात. नाही बघितलं. धूर मोजायच्या दिवशी डिझेलचा स्क्रू परत मागे घ्यायचा आणि कागद हातात आला की पुन्हा पुढे, हा धंदा गॅरेजवाले उघड करतात. त्याचे वेगळे पैसे घेतात आणि पावती देत नाहीत.

तिसरा मुद्दा रीलवाल्या पोरांचा. काळा धूर सोडत चढाला ओव्हरटेक, मागे गाणं, खाली 'आपला वाघ'. लेकांनो, काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. तुमच्या बापानं कर्ज काढून भरलेलं डिझेल. २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाड्यांतही आता लॅपटॉप लावून 'मॅप' बदलून देतात, युरिया बंद करून देतात. काही गाड्यांत ऑइलचं प्रेशर पडलं की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. कंपनीनं दिलेलं ते शेवटचं शहाणपण आहे. तेही काहीजण 'कटकट नको' म्हणून काढून घेतात. मी टेप मारून वायर काढली, तुम्ही लॅपटॉप लावून काढता. फरक एवढाच की तुमचं बिल मोठं येणार.

मेस्त्री मंडळी चिडतील. चिडा. तुमच्यातले चांगले मला माहीत आहेत, ज्यांनी माझं इंजिन पुन्हा बांधलं ते पासष्टीचे आहेत आणि त्यांनी मला पहिल्यांदा हाकललं होतं. म्हणाले, "नुसता पंप टाकून द्या म्हणणार असशील तर दुसरीकडं जा." कारण बहुतेक मालक तेच म्हणतात. पंप तुटला ना, मग पंप टाका. त्या म्हाताऱ्यानं पंप सगळ्यात शेवटी टाकला. आधी फिल्टर कापून पत्र्याच्या घडीत काय अडकलंय ते मला उन्हात दाखवलं, पांढऱ्या धातूची चमक, शेलची. मग ऑइल कूलर फेकून दिला. मी म्हटलं धुऊन घेऊ, तर म्हणाले त्याच्या आतल्या कप्प्यात अडकलेला चुरा धुऊन निघत नाही, नवं इंजिन सुरू झालं की तोच पहिल्यांदा बेरिंगमध्ये जाणार. ब्लॉकच्या गॅलरीचे सगळे बूच काढून ब्रशनं आणि हवेनं साफ केलं. क्रँकपुढचा डॅम्पर बघितला, रबर फुगलेलं होतं. जास्त आरपीएमला क्रँक पिळल्यासारखा थरथरतो, ती थरथर तो डॅम्पर गिळतो. तो मेला की ती गिअरच्या दातांवर येते. तोही नवा. पंप कंपनीचा, बिल आणि होलोग्राम बघून. बाजारात तसाच दिसणारा एक-तृतीयांश किमतीत मिळतो. त्यांनी दोन्ही माझ्या हातात देऊन गिअर फिरवायला लावले, आणखी काही सांगावं लागलं नाही. जाळीच्या नळीचा ओ-रिंग नवा, कारण तिथून हवा ओढली तर नवा पंपही कोरडाच फिरतो. सिलिकॉन नाही, पॅकिंग.

आणि मुख्य, डिझेल पंप बेंचवर नेऊन कंपनीच्या आकड्यावर परत आणला, टर्बो मूळचा बसवला. रिलीफ व्हॉल्व्हमागचा वॉशर काढून माझ्या खिशात टाकला. अजून किल्लीच्या जुडग्यात आहे.

सुरू करायच्या दिवशी पंपात आधी ऑइल भरून घेतलं, फिल्टरमध्ये भरलं, टर्बोच्या नळीत ओतलं. डिझेल बंद ठेवून सेल्फवर थांबत थांबत फिरवलं, घड्याळाचा काटा हलल्यावरच डिझेल सोडलं. गरम झाल्यावर आयडलला दीड किलो, पळताना चार. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा. पण गरम इंजिनाला आयडलवर किलोच्या खाली काटा जात असेल तर कुणाचंही ऐकू नका, चेंबर उतरवा. आणि चालत्या गाडीत लाल लाइट लागली तर पुढचा धाबा, पुढचं वळण असं काही नाही. बाजूला घ्यायची आणि त्याच क्षणी बंद. हवा टाकीत आहे तोवर ब्रेक तुमचे आहेत, इंजिन पकडल्यावर ते फार वेळ तुमचे राहत नाहीत.

चालक-मालक संघटनेच्या येत्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. वाहतुकीचा दर चिऱ्यावर नको, टनावर हवा, आणि गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त ब्रासचा पास निघताच कामा नये. पास ऑनलाइन निघतो, गाडीची क्षमता ऑनलाइन आहे, दोन्ही जोडायला पूल बांधायचा नाही. दुसरं, क्षमतेबाहेर माल भरला तर गुन्ह्यात भरून देणाऱ्याचं नाव चालकाच्या आधी यायला हवं. केंद्रानं २०१८ मध्ये एक्सलची मर्यादा वाढवली, तीन एक्सलच्या गाडीला २५ चे २८.५ टन केले, तेव्हा सगळे म्हणाले आता ओव्हरलोड बंद होईल. काय झालं? जादा टनांचं भाडं आपल्या हातात आलं नाही, फक्त ८०० चे ९०० झाले. मर्यादा कितीही वाढवा, दर चिऱ्यावर आहे तोवर हौद भरणार नाही.

मागच्या बैठकीत मला "तू आता खतवाला, तुला काय पडलंय" म्हणून बसवलं होतं. या वेळी पोराला बरोबर घेऊन येणार आहे. तो म्हणालाय, येतो.

आणि ज्यांची लाइट लुकलुकतीय किंवा ज्यांच्या डॅशबोर्डवर ती लागतच नाही, त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊनंतर मार्केट यार्डाच्या मागच्या मैदानात गाडी घेऊन यावं. माझ्याकडे पितळी नळीचं घड्याळ आहे, तीन मापांचे नट आहेत. दहा मिनिटांचं काम, पैसे नाहीत. गाडी गरम करून आणा, थंड इंजिनाला घड्याळही खोटं बोलतं.